आधी पडून दाखवा!

गेल्या महिन्यात आमच्या खाडीकाठच्या महिला बचत गटाची मीटिंग झाली. विषय एकच. कर्ज काढून कयाक घ्यायचे की नाही?

कयाक म्हणजे एकाने किंवा दोघांनी बसायची लांबट, चिंचोळी होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं हलकं वल्हं. हल्ली मालवणपासून अलिबागपर्यंत किती तरी पुळणींवर अशा लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या ओळीने मांडून ठेवलेल्या दिसतात. आमच्या गटातल्या बायका आजवर लोणची, पापड, कोकम सरबत करून दमल्या. (प्रत्येक गटाने पापडच का करायचे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!) वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, हे त्यांच्या कानावर आलेलं. मग आपल्या खाडीत आपण का नाही?

कोटेशन समोर होतं. सहा कयाक, वल्ही, आणि अगदी शेवटच्या ओळीत लाइफ जॅकेट. बेरीज बजेटच्या बाहेर जात होती. आमची खजिनदार मासळी विकते, हिशेबात तिचा हात कोणी धरणार नाही. तिने लगेच उपाय सांगितला, ‘‘जॅकिटं स्वस्तातली घेऊ. नायतरी फोटोपुरतीच घालतात लोकं.’’

सगळ्या हसल्या आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. कारण मी शिकलेली! खरं सांगायचं तर मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन, त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. होड्यांमधलं मला काय कळणार? पण त्या शेवटच्या ओळीवर मला बोलावंच लागलं. दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

झालं होतं असं, की जानेवारीत आम्ही घरची मंडळी एका किनाऱ्यावर गेलो होतो. भाचीने हट्ट धरला, ‘‘मामी, आपण दोघी बसू या ना!’’ तिथल्या मुलाने आमच्या गळ्यात एकेक नारिंगी जॅकेट अडकवलं, पुढचं एक बक्कल लावलं आणि होडी ढकलून दिली. बाकीचे पट्टे लोंबतच होते. ‘पडलो तर काय करायचं’ हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. दहा मिनिटं मोठी मजेत गेली. मग बाजूने एक मोटरबोट गेली, तिची लाट आडवी आली आणि आम्ही दोघी पाण्यात!

पहिली गोष्ट जी मला कळली ती ही, की जॅकेट तरंगत होतं, मी नव्हते. म्हणजे ते वर सरकून माझ्या कानांपर्यंत आलं होतं आणि मी खाली हनुवटीला लोंबत होते. समोर काही दिसेना. ओढणी सुटून पायात गुंडाळली गेली. भाची शिकाऊ का होईना, पोहणारी. तिने होडी धरून ठेवली. मी होडीच्या काठाला लटकून वर चढायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी माझे पाय होडीच्या खाली जायचे आणि होडी पुन्हा माझ्याच अंगावर पालथी. शेवटी दुसऱ्या होडीतून दोन मुलगे आले आणि जॅकेटच्या खांद्यांना धरून त्यांनी मला तांदळाच्या पोत्यासारखं ओढून घेतलं. किनाऱ्यावर आमचे हे हसत होते. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. मीही हसले. ओला ड्रेस अंगाला चिकटलेला, लोक बघतायत, अशा वेळी बाईमाणूस दुसरं काय करणार? घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं, ‘‘लाट अंगावर आली.’’ झाकली मूठ!

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. खजिनदार बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हंजे जॅकिट असून बुडलात?’’

मैत्रिणींनो, हाच तर प्रश्न आहे! जॅकेट आपण ताईत घातल्यासारखं घालतो. अंगावर आलं की झालं, आता काही होणार नाही. तेही घालतो तेव्हा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली, पंधरा जीव गेले. त्यानंतर तिथल्या प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण मोठ्या बोटीत आपण नुसते प्रवासी असतो. कयाकमध्ये होडी चालवणारेही आपणच आणि पडल्यावर परत चढणारेही आपणच. तिथे जॅकेटचं काम आपल्याला वरच्यावर ठेवण्याचं, पुढचं काम आपलं.

आणि ते आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

मग भाचीच्या ओळखीने एक प्रशिक्षक मुलगी शनिवार-रविवारसाठी आमच्याकडे आली. पंचविशीची असेल, बोलायला तुरतुरीत. बायका नऊवारी, पाचवारी, गाऊन अशा थाटात खाडीवर जमलेल्या. तिने दोन कयाक भाड्याने आणवले होते. आम्हाला वाटलं, आता वल्हवायला शिकवेल. तर ती म्हणाली, ‘‘वल्हवणं उद्या. आज फक्त पडायचं.’’

आमच्या काकी (वय अठ्ठावन्न, गटातल्या सगळ्यात थोर आणि वजनानेही थोर) म्हणाल्या, ‘‘अगो, पडायला काय शिकायचं? ता तर येताच!’’

सुरुवात जॅकेटपासून झाली. तिने प्रत्येकीला सगळे पट्टे आवळायला लावले आणि मग मागून खांद्यांना धरून जॅकेट वर खेचलं. ते कानांपर्यंत गेलं की नापास! नऊजणींपैकी सहाजणी नापास. बायकांची छाती, खांदे, कमर यांची मापं वेगळी; सगळ्यांना एकाच मापाचं जॅकेट म्हणजे एकाच मापाचं ब्लाउज शिवण्यासारखं आहे. पायांच्या मधून घ्यायचा पट्टा असेल तर तो लाजून सोडून द्यायचा नाही, कारण जॅकेट खाली धरून ठेवतो तो तोच. जॅकेटच्या आतल्या लेबलवर एक आकडा असतो, हेही मला त्या दिवशी कळलं. ५० असेल तर ते शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगायला मदत करतं, हात मोकळे ठेवतं. कयाकवाले बहुधा हेच वापरतात. १०० किंवा १५० असेल तर ते जाड असतं आणि पालथ्या पडलेल्या माणसाला उताणं करण्याच्या दृष्टीने बनवलेलं असतं. ज्यावर लेबलच नाही, ज्याचा आतला फोम दाबल्यावर पुन्हा फुगत नाही, ते जॅकेट नव्हे, उशी. खजिनदारीण हे सगळं पावतीच्या मागे लिहून घेत होती. जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी, कारण पाण्यात ओरडून आवाज पोचत नाही आणि घसा बसतो. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोही होडीत नव्हे, अंगावर. होडी आणि आपण वेगळे झालो तर होडीतला मोबाइल काय कामाचा?

कपड्यांचा विषय निघाला तेव्हा थोडी चुळबुळ झाली. ओढणी आणि पाचवारी नाहीच, ती पायात गुंतते आणि वर चढताना पाणी धरून खाली ओढते. काष्टा घातलेली नऊवारी त्यातल्या त्यात बरी, हे ऐकून काकी भलत्याच खूश! पण शेवटी लेगिंग आणि टी-शर्टच ठरलं. एकीने हळूच विचारलं, ‘‘घरात काय सांगू?’’ ती तिशीची आहे, दोन मुलांची आई. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढते, कोणाला विचारत नाही. पण टी-शर्टासाठी परवानगी लागते! मी तिच्या सासूला भेटायला गेले, हे आमच्या समाजकार्यात मोडतं की नाही मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. पर्यटकांना देतात ती वरून बसायची कयाक पोकळ आणि बंद असते. पालथी झाली तरी तिच्यात पाणी भरून ती बुडत नाही (मात्र बुडाशी किंवा टोकाला एक बूच असतं, ते घट्ट लावलंय ना हे निघण्याआधी बघायचं). म्हणून नियम पहिला, होडी सोडायची नाही. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटायचं नाही. वल्हंही सोडायचं नाही. होडी पालथी असेल तर तिच्यावर पोट टेकून पलीकडची कड धरायची आणि मागे रेलायचं, ती सुलटी होते. मग चढणं. आपण सगळ्या जी चूक करतो ती मी केली होतीच. काठाला लटकून हातांच्या जोरावर अंग उचलायला बघतो. तसं भल्याभल्या पुरुषांनाही जमत नाही. आधी पाय मागे सोडून पाण्यावर आडवं व्हायचं, जोरात पाय मारायचे आणि सीटच्या वरून सरळ पलीकडे सरपटत जायचं, छाती पार होडीच्या आडवी येईपर्यंत. मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये टाकायचं आणि सगळ्यात शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय. नऊजणींचं पाठांतर सुरू झालं! ताकद हातांची नाही, लाथांची लागते, आणि लाथा मारायची सवय नसली तरी इच्छा आम्हा सगळ्यांनाच असते, असं एकजण म्हणाली. खाडी हसली.

तरी जमलंच नाही तर दुसरी होडी. ती आपल्याला समांतर येते, तिच्यातली बाई आपल्या होडीला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी धरते, दोन होड्या मिळून रुंद होतात आणि डगमगत नाहीत. शिवाय दोरीचा एक फास करून त्यात पाय ठेवता येतो, घोड्याच्या रिकिबीसारखा.

लांबच्या समुद्रात जाणाऱ्यांची कयाक वेगळी असते. तिच्यात पाय आत घालून बसतात आणि कमरेभोवती पाणी न शिरणारा घेर लावतात. ती उलटली की घेराची समोरची दोरी ओढून बाहेर पडायचं असतं. ती दोरी चुकून आत दुमडून राहिली तर संकट! अशा होडीत पाणी भरतं, म्हणून हातपंप लागतो. एकटं असलं तर वल्ह्याच्या पात्याला फुगवायची पिशवी लावून वल्हं होडीवर आडवं ठेवतात आणि त्याच्या आधाराने चढतात. हे ऐकून काकी पटकन म्हणाल्या, ‘‘म्हंजे उलांडीच की!’’ आमच्याकडच्या मासेमारीच्या होड्यांना बाजूला लाकडाची उलांडी असते, तोल धरायला. प्रशिक्षक मुलीने हा शब्द लिहून घेतला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून नंतर थोडं वाचलं. कयाक ही मूळची ग्रीनलंड, कॅनडाकडच्या उत्तरेतल्या इन्युइट लोकांची. पुरुष तिच्यातून शिकारीला जात. पण लाकडा-हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं शिवायचं काम बायकांचं. पाणी शिरणार नाही अशी शिवण, जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने घातलेली. शिकाऱ्याच्या अंगातला जो कातडी सदरा होडीच्या तोंडाला घट्ट बसायचा, तोही त्यांनीच शिवलेला. तिथल्या बर्फगार पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून होडी उलटली की आत बसल्या बसल्याच गिरकी घेऊन सुलटं व्हायची विद्या त्यांनी काढली. सुरक्षेचं सामान ही फॅशनेबल शहरी गोष्ट आहे, असं जे कोणी म्हणतं त्यांना मी हे सांगते. ती शिवण शेवटच्या ओळीत नव्हती!

आणखी एक वाचलं, ते मात्र मनातून जात नाही. २२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक असे अकराजण कयाक घेऊन शेजारच्या चारमथ गावी निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने जेमतेम तीन किलोमीटर. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची होडी उलटली. एका प्रशिक्षकाने त्यांना परत बसवलं. पुन्हा उलटली. पुन्हा बसवलं, पुन्हा उलटली. तोवर दुसरी प्रशिक्षक मुलांच्या होड्या एकत्र धरून थांबली होती आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा त्या सगळ्यांना हळूहळू आत नेत होता. दोन गट एकमेकांना दिसेनासे झाले. लाटा मोठ्या झाल्या, मुलांच्या होड्या एकेक करून उलटल्या. दोन्ही प्रशिक्षक स्वतःच नवखे. किनाऱ्यावर कोणी वेळेवर आरडाओरडा केला नाही. मदत पोचली तेव्हा मुलं कितीतरी तास त्या थंडगार पाण्यात होती. सोळा-सतरा वर्षांची चार मुलं गेली.

एका माणसाला नीट चढता आलं नाही आणि चढवणाऱ्याला नीट चढवता आलं नाही, इथून ते सुरू झालं. आणि हे आधी कोणाला दिसलं नव्हतं असंही नाही. त्याच केंद्रातले दोन प्रशिक्षक आदल्या वर्षी सुरक्षेच्या कारणावरून काम सोडून गेले होते, केंद्राला तसं पत्रही लिहिलं होतं. १९९४ मध्ये केंद्राच्या चालकाला तुरुंगवास झाला. मुलांच्या आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही आणि १९९५ साली मुलांसाठीच्या साहस केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. मी त्या आयांचा विचार करते. आपण आपल्या मुलांच्या सहलीच्या संमतीपत्रावर सही करतो, तेव्हा त्यात काय लिहिलंय हे कितीजणी वाचतो? मी तरी वाचत नव्हते.

आमचं पाणी लाइम रेजिससारखं थंड नाही, हे खरं. पण वारा तोच. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेपलीकडे त्यांचा उपयोग आहे हे आता कळतंय. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी कसं गुळगुळीत दिसतं, फसवतं ते हेच. त्यात ओहोटी लागली की खाडीचं पाणीही बाहेरच निघालेलं. दुपारी खारा वारा सुटतो, तो ओहोटीला समोरून भिडला की खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. हे आमच्या बायकांना मी सांगायची गरजच नव्हती. भरतीची वेळ त्या तिथीवरून सांगतात. पण त्यांना पोहता येत नाही! भावांना लहानपणी विहिरीत ढकललं, म्हणून ते शिकले. बहिणींना ‘बुडशील’ म्हणून काठावर कपडे सांभाळायला बसवलं. आयुष्य खाडीवर काढलेल्या नऊजणींपैकी दोघींना पोहता येतं, त्यांतल्या एकीला फक्त नवऱ्याच्या नकळत.

म्हणून माझं म्हणणं गटाला पटो न पटो, मी मांडलं. जी बाई पर्यटकांना घेऊन जाणार, तिने आधी दहा वेळा पडून, दहा वेळा स्वतः चढून आणि दुसरीला चढवून दाखवायचं. जिला जमत नाही ती काठावरचं काम करेल, तेही तितकंच महत्त्वाचं. कोण किती वाजता गेलं, कधी परत यायचं, हे वहीत लिहायला कोणीतरी हवंच. पाहुण्यालाही निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात एकदा पाडायचं. ‘‘अवो, पैसे दिवन कोन पडंल?’’ हा खजिनदारीणीचा प्रश्न रास्त आहे, आणि दोनचार गिऱ्हाईकं त्यामुळे जातीलही. जाऊ देत, असं मी म्हटलं. ते सगळ्यांना आवडलं नाही. ज्यांच्या घरात पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा आहे, त्यांच्यापुढे असं बोलणं मला सोपं आहे, हेही मला कळतं.

तुम्ही सुटीत कुठे कयाकमध्ये बसणार असाल, तर मात्र एवढं करा. पैसे देण्याआधी त्या मुलाला विचारा, ‘‘उलटलो तर परत कसं चढायचं? दाखव बघू.’’ तो हसला तर दुसरीकडे जा. मुलांचे पट्टे स्वतः आवळा, खांद्यांना धरून खेचून बघा. आणि पडलात तर माझ्यासारखं लपवू नका.

त्या शनिवारी माझं काय झालं, ते सांगायचं राहिलं. काकी तिसऱ्या खेपेला चढल्या. पाय मारले ते असे, की काठावरची पोरं भिजली. मला दहा वेळा जमलं नाही. नाकातोंडात खारं पाणी, कोपरं सोललेली. प्रशिक्षक मुलगी म्हणाली, ‘‘ताई, पुरे आता.’’ काकी दुसऱ्या होडीतून ओरडल्या, ‘‘पुरे काय? अजून एकदा! पाय वर, पाय!’’ अकराव्या वेळी पोट पलीकडे गेलं, वळले, बसले. खोकत होते, पण होडीत होते.

सुधारित कोटेशन परवा आलं. सहाऐवजी चार कयाक. जॅकेटं तीन मापांची, लेबल असलेली, शिट्टीसकट. यादीत पहिल्या ओळीत. काकींचा मुलगा पर्यटकांच्या वेळेत आपली इंजिनाची होडी उभी ठेवणार आहे, डिझेल गटाचं. बँकेचे साहेब अर्ज वाचता वाचता थांबले आणि चष्मा काढून म्हणाले, ‘‘मॅडम, हे ‘प्रशिक्षण : पाण्यात पडणे’ म्हणजे काय? असा खर्च दाखवता येतो का?’’

खजिनदारीणच उत्तर द्यायला पुढे झाली. मी गप्प बसले. येत्या रविवारी भरती सकाळी साडेदहाच्या सुमाराला आहे, साहेबांना सहकुटुंब बोलावलंय.